प्रॉडक्शन सर्व्हरवर कोणती ऑपरेटिंग सिस्टीम? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

संस्थेचा रोजचा कारभार ज्या सर्व्हरवर चालतो, त्यावर कोणती ऑपरेटिंग सिस्टीम असावी, या एकाच विषयावर या सदराकडे बरीच पत्रे आली आहेत. त्यांतील पाच येथे घेतली आहेत. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेत दोन सर्व्हर आहेत. एकावर खातेव्यवहारांचे सॉफ्टवेअर आणि पोस्टग्रेस डेटाबेस आहे, दुसऱ्यावर त्याची प्रत आहे. दोन्हींवर सेंटओएस ७ ही लिनक्स सिस्टीम आहे. सॉफ्टवेअर पुरवणारे म्हणतात, ‘चालतंय ना, मग हात लावू नका.’ लेखापरीक्षकांनी मात्र यंदा आक्षेप नोंदवला आहे. सगळ्यात स्थिर सिस्टीम कोणती, आणि तिकडे कसे जावे? (संगणक विभागप्रमुख, सांगली जिल्हा)

उत्तर : लेखापरीक्षकांचा आक्षेप रास्त आहे. सेंटओएस ७ चा सपोर्ट ३० जून २०२४ रोजी संपला. त्यानंतर कर्नलमध्ये (सिस्टीमच्या गाभ्यात), ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या लायब्ररीमध्ये किंवा सिस्टीमच्या इतर कोणत्याही भागात जे दोष उघडकीस आले, त्यांची दुरुस्ती त्या प्रकल्पाकडून आपल्या सर्व्हरवर आलेली नाही आणि येणारही नाही. सर्व्हर चालतो आहे हे खरे, पण त्यावरून तो सुरक्षित आहे असे म्हणता येत नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवावी लागते आणि लॉग, म्हणजे सर्व्हरवरील घडामोडींच्या नोंदी, १८० दिवस जपून ठेवावे लागतात. उद्या काही विपरीत घडले, तर सपोर्ट संपलेली सिस्टीम का चालवली, या प्रश्नाचे उत्तर पुरवठादाराला नव्हे, तर आपल्या संचालक मंडळाला द्यावे लागेल.

‘सगळ्यात स्थिर कोणती’ हे ठरवण्याआधी एक गोष्ट विचारून घ्यावी, असे मी आग्रहाने सुचवीन. या सिस्टीममध्ये पुढील किती वर्षे काय बदलणार नाही, याची हमी कोण देत आहे, आणि अशी हमी त्याने आजवर कितपत पाळली आहे? सेंटओएसचाच इतिहास पाहा. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सच्या सोर्स कोडपासून बनवलेली आणि मोफत मिळणारी ही सिस्टीम तांत्रिकदृष्ट्या भक्कम होती. आठव्या आवृत्तीला २०२९ पर्यंत सपोर्ट मिळेल, हे धरून अनेकांनी तिच्यावर आपले काम हलवले. ८ डिसेंबर २०२० रोजी जाहीर झाले की, हा सपोर्ट ३१ डिसेंबर २०२१ रोजीच संपेल आणि पुढे फक्त सेंटओएस स्ट्रीम राहील, म्हणजे रेड हॅटच्या चालू उपआवृत्तीच्या एक पाऊल पुढे चालणारी शाखा. जे जुन्या ७ वर थांबले होते, त्यांना २०२४ पर्यंत अवधी मिळाला. ज्यांनी तत्परतेने नवी आवृत्ती घेतली, त्यांच्या हातात जेमतेम एक वर्ष उरले. सॉफ्टवेअरमध्ये कोणताही बिघाड झाला नव्हता. त्यामागच्या कंपनीचा निर्णय बदलला होता, आणि तेवढ्याने असंख्य सर्व्हर अडचणीत आले.

त्यानंतर दोन पर्याय उभे राहिले. अल्मालिनक्सची पहिली स्थिर आवृत्ती मार्च २०२१ मध्ये आली. सेंटओएसच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या ग्रेगरी कर्टझर यांनी सुरू केलेल्या रॉकी लिनक्सची आवृत्ती त्याच वर्षी जूनमध्ये आली. जून २०२३ मध्ये रेड हॅटने आपल्या सोर्स कोडची खुली उपलब्धता सेंटओएस स्ट्रीमपुरती मर्यादित केली. तेव्हा अल्मालिनक्सने हुबेहूब नक्कल करण्याचे ध्येय सोडून, रेड हॅटसाठी बनलेले सॉफ्टवेअर आपल्याकडेही तसेच चालावे, एवढी सुसंगतता राखण्याचे ठरवले. रॉकीने हुबेहूबपणाचा आग्रह कायम ठेवला. दोन्ही प्रकल्पांनी या कठीण प्रसंगानंतरही दुरुस्त्या देण्यात खंड पडू दिलेला नाही, म्हणून दोन्हींवर मी विसंबेन.

आपल्या बाबतीत निर्णय पुरवठादाराकडून सुरू होतो. त्याच्याकडून लेखी घ्यावे की, त्याचे सॉफ्टवेअर कोणत्या सिस्टीमच्या कोणत्या आवृत्तीवर चालवले, तर तक्रार आल्यावर तो ती हाताळेल. उत्तर रेड हॅटच्या कुळातील असेल, तर अल्मालिनक्स ९ किंवा रॉकी ९ घ्यावे. या दोन्हींना मे २०३२ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळणार आहेत. संस्थेत रात्री-अपरात्री अडचण सोडवणारा माणूस नसेल, तर निदान डेटाबेसच्या सर्व्हरसाठी रेड हॅटचे पैसे भरून सबस्क्रिप्शन घ्यावे. तो खर्च वायफळ नाही. पुरवठादाराला डेबियन चालत असेल, तर तोही उत्तम पर्याय आहे. १९९३ पासून हा प्रकल्प स्वयंसेवक चालवत आहेत आणि कोणत्याही एका कंपनीच्या निर्णयाने त्याची दिशा बदलत नाही. डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये आले. साधारण तीन वर्षे नियमित आणि नंतर दोन वर्षे दीर्घकालीन सपोर्ट, अशी पाच वर्षे हाताशी असतात.

आवृत्ती १० कडे मात्र आपल्या जुन्या यंत्रांवर घाईने जाऊ नये. रेड हॅट १० ला एव्हीएक्स२ सूचना समजणारा प्रोसेसर लागतो, म्हणजे इंटेलच्या बाबतीत ढोबळमानाने २०१३ च्या हॅसवेल पिढीचा किंवा नंतरचा. अल्मालिनक्सने जुन्या प्रोसेसरसाठी वेगळी बांधणी दिली आहे, परंतु पुरवठादार तिची जबाबदारी घेईल का, हे विचारावे लागेल. अनेक डिस्क एकत्र सांभाळणाऱ्या रेड (RAID) कार्डचीही अशीच तपासणी करावी. रेड हॅट ८ पासून एलएसआयच्या काही जुन्या कार्डांचे ड्रायव्हर वगळले गेले आहेत. अशा यंत्रावर इन्स्टॉलर सुरू होतो, पण त्याला एकही डिस्क दिसत नाही. हे शनिवारी रात्री सर्व्हर बंद केल्यावर कळण्यापेक्षा आधीच, दुसऱ्या सर्व्हरवर इन्स्टॉलर नुसता बूट करून पाहिल्यास, दहा मिनिटांत कळते.

आता सर्वांत महत्त्वाचे, कारण यात कोणतीही चूक न दाखवता माहिती बिघडते. पोस्टग्रेस मजकुराचा क्रम लावण्यासाठी बहुतेक वेळा ऑपरेटिंग सिस्टीमच्या जीलिबसी लायब्ररीवर अवलंबून असते. या लायब्ररीच्या २.२८ या आवृत्तीत क्रमाचे नियम मोठ्या प्रमाणात बदलले. सेंटओएस ७ मध्ये २.१७ आहे, आवृत्ती ९ च्या कुळात २.३४. जुन्या सर्व्हरवरची डेटा डिरेक्टरी जशीच्या तशी नव्या सर्व्हरवर ठेवली, तर डेटाबेस विनातक्रार सुरू होतो, पण नावांवरचे इंडेक्स (शोधासाठीच्या सूची) जुन्या क्रमाने लावलेले असतात आणि शोध नव्या क्रमाने होतो. परिणामी, समोर असलेला खातेदार शोधात सापडत नाही, किंवा जिथे दुबार नोंद होऊच नये तिथे ती होते. जुन्या सर्व्हरवरून नव्यावर थेट रेप्लिकेशन (सतत अद्ययावत होणारी प्रत) लावणाऱ्यांनाही हाच धोका आहे. म्हणून पोस्टग्रेसच्या पीजी-डंप या साधनाने माहिती बाहेर काढून नव्या सर्व्हरवर पुन्हा भरावी. त्यात इंडेक्स नव्याने बांधले जातात. डिरेक्टरीच हलवणे अपरिहार्य असेल, तर वापर सुरू करण्याआधी मजकुराचे सर्व इंडेक्स रीइंडेक्स करावेत, म्हणजे नव्याने बांधावेत.

सातवरून नवव्या आवृत्तीवर चालत्या सर्व्हरवरच अपग्रेड करण्याची साधने आहेत, पण आपल्यासारख्या संस्थेने त्या वाटेला जाऊ नये. दुसऱ्या सर्व्हरवर नवी सिस्टीम कोरी बसवावी, बॅकअप रिस्टोअर करावा, महिनाअखेरचे अहवाल दोन्हींकडे काढून ताळा पाहावा आणि मगच काम हलवावे. मात्र या काळात दुसऱ्या सर्व्हरवरची प्रत उपलब्ध नसेल, म्हणून तेवढ्यापुरती एक वेगळी प्रत अन्यत्र ठेवावी.

प्रश्न : आमच्या कंपनीत डेबियन १२ आहे. ग्राहकाच्या सुरक्षा स्कॅनरने ओपनएसएसएच (सर्व्हरवर दुरून लॉगिन करण्याचे सॉफ्टवेअर) ९.२ हे धोकादायक ठरवले, कारण ‘रिग्रेशन’ हा दोष मूळ प्रकल्पाने ९.८ मध्ये दुरुस्त केला. इतकी जुनी सॉफ्टवेअर देणाऱ्या सिस्टीमला सुरक्षित का म्हणावे? त्यापेक्षा सतत अद्ययावत राहणारी आर्चसारखी सिस्टीम बरी नाही का? (सॉफ्टवेअर अभियंता, पुणे)

उत्तर : आपला सर्व्हर अद्ययावत केलेला असेल, तर तो दोष त्यावर नाही, स्कॅनर फक्त आवृत्तीचा आकडा वाचत आहे. डेबियन किंवा रेड हॅटसारख्या सिस्टीम आपल्या स्थिर शाखेत मूळ प्रकल्पाची नवी आवृत्ती सहसा आणत नाहीत. नव्या आवृत्तीतील सुरक्षेची दुरुस्ती तेवढी उचलून जुन्या आवृत्तीत बसवतात. त्याला बॅकपोर्ट म्हणतात. ‘रिग्रेशन’ या दोषाची (नोंद क्रमांक सीव्हीई-२०२४-६३८७) दुरुस्ती डेबियन १२ मध्ये ९.२पी१-२+डेब१२यू३ या पॅकेजने आली. या लांबलचक आकड्यातील ‘९.२पी१’ हा मूळ प्रकल्पाचा भाग वर्षानुवर्षे तसाच राहतो; पाहायचे असते ते शेवटचे ‘यू३’. हे पॅकेज किंवा त्यापुढचे आपल्याकडे असल्यास पॅकेजचा चेंजलॉग आणि डेबियनच्या सुरक्षा ट्रॅकरवरील त्या दोषाचे पान ग्राहकाला पाठवावे. आवृत्तीचा आकडा दिसावा म्हणून ओपनएसएसएच स्वतः कंपाइल करून बसवू नये. तसे केले की पुढच्या प्रत्येक दोषाची जबाबदारी आपल्या अंगावर येते.

या दोषाचा इतिहासही बोलका आहे. क्वालिस या कंपनीच्या संशोधकांनी तो १ जुलै २०२४ रोजी जाहीर केला. २००६ मध्ये दुरुस्त झालेली चूक ऑक्टोबर २०२० मधील एका बदलाने ओपनएसएसएचमध्ये पुन्हा शिरली आणि ८.५पी१ पासूनच्या आवृत्त्या बाधित झाल्या. त्यामुळे डेबियन ११, ज्यात ८.४पी१ होते, त्याला या दोषाची झळ लागलीच नाही. जुने म्हणजे कमकुवत, हे समीकरण इतके सरळ नसते.

आर्चसारख्या सिस्टीमला मी कमी लेखत नाही. शिकण्यासाठी आणि स्वतःच्या लॅपटॉपसाठी ती अप्रतिम आहे. परंतु तिच्यात दुरुस्ती आणि नवे वर्तन एकाच पुडक्यातून येतात. सुरक्षेची दुरुस्ती हवी असेल, तर त्यासोबत आलेला प्रत्येक बदल त्याच दिवशी स्वीकारावा लागतो. २९ मार्च २०२४ रोजी उघड झालेली, एक्सझेड या फाइल आकुंचित करणाऱ्या साधनाची घटना आठवा. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, हे खटकले. त्याने माग काढला, तेव्हा एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मुद्दाम पेरलेले चोरदार सापडले. या आवृत्त्या डेबियनच्या अनस्टेबल आणि टेस्टिंग शाखांत, तसेच फेडोरा रॉहाइड, ओपनसुसे टम्बलवीड या सतत नव्या होणाऱ्या सिस्टीममध्ये पोहोचल्या होत्या. डेबियन स्टेबल आणि रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सपर्यंत त्या पोहोचल्या नाहीत. नवे सॉफ्टवेअर आणि प्रॉडक्शन सर्व्हर यांच्यात जे काही महिन्यांचे अंतर स्थिर शाखा मुद्दाम राखतात, त्याने या वेळी मोठे संकट अडवले.

मूळ प्रकल्पाच्या सॉफ्टवेअरमध्ये सिस्टीमच्या देखभालकारांनी असे स्वतः बदल करण्यालाही उणी बाजू आहे आणि ती लपवणे योग्य नाही. डेबियनच्या एका देखभालकाराने ओपनएसएसएलमध्ये केलेल्या बदलामुळे यादृच्छिक संख्यांचा उगम जवळजवळ आटला. मे २००८ मध्ये हे उघड झाले, तेव्हा लक्षात आले की बाधित सिस्टीमवर तयार झालेल्या कूटलेखनाच्या किल्ल्यांना, प्रत्येक प्रकार आणि लांबीमागे, केवळ ३२,७६८ शक्यता होत्या. त्या काळातल्या किल्ल्या सर्वांना बदलाव्या लागल्या. तरीही सगळे तोलून पाहता माझा कौल स्थिर शाखेलाच आहे. एखादे सॉफ्टवेअर खरोखर नवे हवे असेल, उदाहरणार्थ पोस्टग्रेसची ताजी आवृत्ती, तर त्या प्रकल्पाची अधिकृत रिपॉझिटरी जोडून तेवढेच नवे घ्यावे आणि बाकीची सिस्टीम जागेवर राहू द्यावी.

प्रश्न : महाविद्यालयाचे ग्रंथालय आणि प्रवेश प्रक्रिया आम्ही सहा उबुंटू सर्व्हरवर चालवतो. सुरक्षा अपडेट आपोआप होऊ द्यावेत, की हाताने करावेत? एकदा अपडेटनंतर सर्व्हर बंद पडला होता, तेव्हापासून प्राचार्यांनी ते बंद करायला लावले आहेत. (प्रणाली प्रशासक, अमरावती)

उत्तर : सुरू करावेत, पण सर्व सर्व्हरवर एकाच वेळी नव्हे. प्राचार्यांची भीती निराधार नाही. ८ मार्च २०२३ रोजी डेटाडॉग या कंपनीची सेवा जगभर कोलमडली. उबुंटू २२.०४ वर सिस्टमडी या, सेवा सुरू-बंद करणाऱ्या भागाचा सुरक्षा अपडेट आपोआप बसला, त्यामुळे नेटवर्कची सेवा पुन्हा सुरू झाली आणि त्यात कंटेनरांचे (सॉफ्टवेअर वेगळे ठेवून चालवण्याच्या डब्यांचे) नेटवर्क ज्या राउटिंग नियमांवर चालत होते, ते पुसले गेले. कंपनीचे सर्व्हर वेगवेगळ्या प्रदेशांत, वेगवेगळ्या क्लाउड कंपन्यांकडे विखुरलेले होते, ते अशा प्रसंगातून वाचण्यासाठीच. पण अपडेटची वेळ सगळीकडे तीच, सकाळी सहा ते सात यूटीसी, ठेवलेली असल्याने ते एकदमच आडवे झाले.

आपल्या सहांपैकी ज्याच्या बंद पडण्याने कोणाचे अडणार नाही, असा एक सर्व्हर निवडावा आणि त्यावर अपडेट रोज होऊ द्यावेत. दोन दिवसांनी पुढच्या दोघांवर, त्यानंतर उरलेल्यांवर. प्रवेश प्रक्रियेच्या मुख्य आठवड्यात केवळ तातडीच्या दुरुस्त्या हाताने कराव्यात. अपडेट केवळ सुरक्षा विभागातून येतील, असे अपडेट आपोआप बसवणाऱ्या अनअटेंडेड-अपग्रेड्स या साधनाच्या सेटिंगमध्ये पाहून घ्यावे. उबुंटूच्या बाबतीत आणखी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. एलटीएस (दीर्घकालीन सपोर्टच्या) आवृत्तीची पाच वर्षांची सुरक्षेची हमी ‘मेन’ विभागातील पॅकेजांना आहे. ‘युनिव्हर्स’ विभागातील हजारो पॅकेजांच्या दुरुस्त्यांची हमी उबुंटू प्रो ही सबस्क्रिप्शन जोडल्यावरच मिळते. वैयक्तिक वापरासाठी ते पाच यंत्रांपर्यंत मोफत आहे, संस्थेसाठी मात्र उबुंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीकडे चौकशी करावी. २०.०४ वर एखादा सर्व्हर उरला असेल, तर त्याचा नियमित सपोर्ट मे २०२५ मध्ये संपला आहे.

अपडेट झाला, म्हणजे दुरुस्ती लागू झाली असेही नव्हे. नवा कर्नल डिस्कवर बसला, तरी रीबूट होईपर्यंत चालतो तो जुनाच. ओपनएसएसएलची लायब्ररी बदलली, तरी आधीपासून सुरू असलेला वेब सर्व्हर जुनीच लायब्ररी मेमरीत धरून बसतो. नीडरीस्टार्ट हे छोटे साधन अशा सेवा दाखवते. सर्व्हर चारशे दिवस रीबूट न करता चालला, याचा काही ठिकाणी अभिमान बाळगला जातो. माझ्या मते ती काळजीची गोष्ट आहे, कारण तो पुन्हा नीट सुरू होईल की नाही, हेच कोणाला सांगता येत नाही.

प्रश्न : आम्ही सगळे डॉकरच्या कंटेनरमध्ये चालवतो. मग खालची ऑपरेटिंग सिस्टीम कोणतीही असली तरी काय फरक पडतो? (विद्यार्थी, नाशिक)

उत्तर : फरक पडतो. सर्व कंटेनर खालच्या यंत्राचाच कर्नल वापरतात; त्या कर्नलमधील दोष प्रत्येक कंटेनरचा दोष असतो. शिवाय ज्यापासून कंटेनर सुरू होतो, त्या प्रत्येक इमेजच्या पोटात आणखी एक डेबियन, उबुंटू किंवा अल्पाइन असते आणि तिचीही सपोर्ट संपण्याची तारीख असते. कंटेनरमुळे प्रश्न सुटत नाही, तो दोन ठिकाणी विचारावा लागतो. खाली डेबियन स्टेबल किंवा अल्मालिनक्स कमीत कमी पॅकेजांसह ठेवावे आणि इमेज दर आठवड्याला नव्याने बांधाव्यात.

प्रश्न : आमच्या कारखान्यातील हिशेबाचे व उत्पादन नियोजनाचे सॉफ्टवेअर विंडोज सर्व्हर २०१६ वर आहे. मुलगा म्हणतो, स्थिरता हवी तर लिनक्सवर जा. सॉफ्टवेअर विंडोजवरच चालते. काय करावे? (लघुउद्योजक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : विंडोजवरच राहावे. जे सॉफ्टवेअर विंडोजसाठी लिहिले आहे, ते कसेबसे लिनक्सवर चालवले, तर त्याची हमी ना सॉफ्टवेअर बनवणारा देईल, ना लिनक्स देणारा. चिरंजीवांचा लिनक्सवरील विश्वास योग्य आहे. फाइल सर्व्हर, बॅकअप आणि संकेतस्थळ यांसाठी त्यांनी तो जरूर वापरावा.

आपल्यापुढचा खरा प्रश्न तारखेचा आहे. विंडोज सर्व्हर २०१६ चा वाढीव सपोर्ट १२ जानेवारी २०२७ रोजी संपतो. २०१९ ला जानेवारी २०२९ पर्यंत, २०२२ ला ऑक्टोबर २०३१ पर्यंत आणि २०२५ ला २०३४ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळतील. एवढे काम करायचेच आहे, तर २०१९ घेण्यात अर्थ नाही. सॉफ्टवेअर बनवणाऱ्याने २०२५ वर चाचणी केली असल्यास ते घ्यावे, अन्यथा २०२२. त्याच्यासोबत एसक्यूएल सर्व्हरची आवृत्तीही पाहावी. २०१६ ची आवृत्ती असेल, तर तिचा सपोर्ट जुलै २०२६ पर्यंतचाच आहे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्याही आधी संपणारा. दोन्हींची किंमत एकाच कोटेशनमध्ये मागवावी आणि क्लायंट ॲक्सेस लायसन्स (सर्व्हर वापरणाऱ्या व्यक्ती किंवा यंत्रांसाठीचे परवाने) किती लागतील, ते त्यात वेगळे लिहून घ्यावे. विंडोज सर्व्हरच्या नव्या आवृत्तीसाठी जुनी लायसन्स चालत नाहीत आणि खर्चाचा अंदाज बहुतेक वेळा नेमका तिथेच चुकतो.